काटा वर येईपर्यंत

माझे भावोजी गाडी चालवत नाहीत, गाडी तापवतात. मधल्या वेळात ती कुठेतरी जाऊन येते, एवढंच.

मी हे रागानं म्हणतोय असं तुम्हाला वाटेल, तर बरोबर वाटतंय. रोज सकाळी त्या गाडीच्या मागच्या सीटवर मांडीत डबा घेऊन मी बसलेला असतो, गाडी जागच्या जागी थरथरत असते, आणि तिकडे दवाखान्यात औषधांच्या खिडकीपाशी लोक माझ्या नावानं बोटं मोडत उभे असतात. तिथे औषधं देण्याचं काम माझ्याकडे आहे. उशीर झाला की सगळ्यात आजारी माणूस सगळ्यात मोठ्यानं ओरडतो, हा माझा अनुभव आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. खोली मिळेपर्यंत म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आलो. खोली काही मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही. ताईच्या हातचं जेवण सोडून कोण जातंय! तेव्हा मी फुकट राहतो, फुकट गाडीतून जातो आणि वर नावं ठेवतो, असं ताई म्हणते. ठेवतोच. राहतो म्हणून काय डोळे मिटून घ्यायचे?

तर ते तापवणं. अंगात स्वेटर, त्यावर कोट, गळ्याशी मफलर, पण कान मात्र उघडे, कारण कानांना काम असतं, अशा थाटात भावोजी अंगणात उतरतात. आधी बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची आणि कुणाचा ताप बघावा तशी उजेडात धरून बघायची. मग आत वाकून किल्ली फिरवायची आणि लगबगीनं पुन्हा बॉनेटपाशी येऊन मान वाकडी करून उभं राहायचं. या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. एकदा मी नुसतं "भावोजी, माझा चष्मा वर राहिला" म्हणालो, तर त्यांनी एक बोट वर करून मला गप्प केलं. "ऐकू दे." काय ऐकायचं त्यात? घुर्रर्र. काल घुर्रर्र होतं, आजही घुर्रर्र.

ऐकून झालं की आत येऊन बसायचं आणि तापमानाच्या काट्याकडे बघत राहायचं. काटा पांढऱ्या रेघेला टेकल्याशिवाय गिअर पडणार नाही, मग जगबुडी होऊ दे. काटा टेकला की भावोजी "हं" म्हणतात. तो "हं" इतक्या समाधानाचा असतो की जणू सूर्य यांनीच ढकलून वर काढलाय.

माणूस वाईट नाही हो. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी केव्हाच भांडून बसनं जायला लागलो असतो. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा दुकान बंद ठेवून हा माणूस माझ्या उशाशी बसला होता. फक्त त्यांना कुठलीच गोष्ट एकदम सुरू करता येत नाही. फोन वाजला की दोनदा तो उचलतील आणि न बोलताच खाली ठेवतील, तिसऱ्यांदा बोलतील. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा ठेवला, की त्याला आरशासमोरच्या स्टुलावर बसवून ठेवतात. "लगेच काही बोलू नका. डोळ्याला वेळ द्या." गिऱ्हाईक बिचारं स्वतःकडे बघत बसतं. काही जणांना त्यातच डुलकी लागते. आणि ताईला बघायला आले होते, तेव्हा तर होकार कळवायला त्यांनी इतका वेळ लावला की आमच्या वडलांनी दुसरं स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. ताई अजून म्हणते, "तो बिचारा दुसरा. वाचला."

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती भावोजी पाहुणे आले की सांगतात. तरुणपणी त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. एका थंडीच्या सकाळी घाई होती म्हणून ते थंड इंजिनावर तसेच निघाले आणि चढावर इंजिन जाम झालं. पिस्टन चिकटला. "असा आवाज आला," भावोजी सांगतात, आणि मग दातांवर दात घासून तो आवाज काढून दाखवतात. त्या दिवशी ते कुठे निघाले होते हे मात्र दर वेळी बदलतं. कधी परीक्षेला, कधी नोकरीच्या मुलाखतीला, आणि एकदा रंगात आले तेव्हा तर विमानतळावर. ताईनं हळूच मला सांगितलं, "त्या गाडीत ऑइलच नव्हतं रे. सासऱ्यांनी सांगितलं होतं मला. घालायचं विसरले होते." पण हे भावोजींना सांगायची कुणाची छाती नाही.

पुढे ती गाडी गेली, नंतरचीही गेली आणि आत्ताची आली. आत्ताच्या गाडीला थंडीत ओढायचा तो चोक नाही, काही नाही. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मेकॅनिकनं माझ्यासमोर सांगितलं, "साहेब, हिला तापवायची भानगड नाही. किल्ली फिरवा आणि निघा. पहिला थोडा रस्ता जरा सावकाश घ्या, की झालं. उभी ठेवून तापवाल तर पेट्रोल फुकट आणि धूर फुकट." भावोजींनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? इंजिनं बिघडली नाहीत तर याचं पोट कसं भरणार!" मी कपाळावर हात मारून घेतला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तळमजल्यावर गाणेबाई राहतात.

त्यांना नाव आहे, पण आमच्या इमारतीत सगळे गाणेबाईच म्हणतात. चाळिशीला टेकलेल्या, एकट्या, घरी मुलांना गाणं शिकवणाऱ्या. शिवाय गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे जी मोठी संगीतशाळा आहे, तिथे त्या वर्षानुवर्षं बदली शिक्षिका म्हणून जात. कुणी रजेवर गेलं की बाईंना बोलावणं, ते परत आलं की बाई घरी. आणि त्यांची खिडकी नेमकी अंगणात उघडते, भावोजींच्या गाडीच्या धुराड्यासमोर. भावोजी संध्याकाळी आले की गाडी उलटी घेऊन लावतात, तोंड फाटकाकडे, म्हणजे सकाळी सरळ निघता येतं. तेव्हा धूर कुठे जाणार? बाईंच्या घरात.

"काका, गाडी तोंड आत करून लावा ना. माझ्या खिडकीत धूर येतो," बाई म्हणाल्या होत्या. हे पहिलं भांडण, मी त्याला साक्षी आहे.

"मग सकाळी थंड इंजिनावर रिव्हर्स घ्यावा लागेल," भावोजी म्हणाले. "इंजिनाच्या घशाला किती ताण पडतो, ठाऊक आहे?"

"आणि माझ्या घशाला?"

"तुम्ही खिडकी लावून घ्या."

आता यातली खरी गंमत ऐका. भावोजी इंजिन तापवत असायचे, त्याच वेळी आत बाई आवाज तापवत असायच्या. गायकांना ते करावंच लागतं म्हणे. आधी तोंड मिटून नुसतं "म्म्म", खालच्या खाली. मग ओठ उघडून एकच सूर लांबवर. मग हळूहळू एकेक पायरी वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. गाणं असं नाहीच. बाहेर घुर्रर्र, आत म्म्म, आणि मध्ये मी डबा घेऊन. एके दिवशी भावोजी वैतागून खिडकीशी गेले.

"बाई, रोज तेच तेच काय चालवलंय? नुसती तयारी! एक दिवस सरळ गाणंच म्हणा की!"

बाईंनी खिडकी उघडली, खोकल्या आणि म्हणाल्या, "म्हणेन. तुम्ही एक दिवस सरळ गाडीच चालवा की!"

मी मागच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून हसलो. दोघांपैकी कुणालाही आपण काय बोललो ते कळलं नाही. दोघेही रागानं लाल होऊन आपापल्या तापवण्याला लागले. संध्याकाळी मी ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुला फार पुळका हं बाईंचा." पुळका कसला? मला फक्त ऐकायला आवडायचं. सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांचा आवाज पोचायचा ना, तेव्हा तो असा मोकळा लागायचा की अंगणातला धूरसुद्धा जरा बाजूला होतोय असं वाटायचं. पण तिथवर पोचायला त्यांना वेळ लागायचा. मी रोज ऐकणारा होतो, मला माहीत होतं. सुरुवातीचा आवाज जाड, जरासा फाटका. कुणी पहिल्यांदा तेवढाच ऐकला असता तर म्हणाला असता, या बाई गाणं कसलं शिकवतात?

यंदा त्या शाळेत एक कायमची जागा निघाली. मोठ्या वर्गांना गाणं शिकवायची. बाई वर येऊन ताईला सांगत होत्या, मी आतून ऐकत होतो. परीक्षक समोर बसणार, एक गाणं गाऊन दाखवायचं, बस. "वहिनी, यंदाच काय ते," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. आता लागले तर लागले, नाहीतर जन्मभर बदली." ताईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ताईला कुणाचं दुःख बघवत नाही, स्वतःचं काय ते दिसत नाही.

परीक्षेच्या दिवसाचं बाईंनी सगळं नीट ठरवलं होतं. आवाज घरी तापवून एवढ्या लांब थंडीतून जायचं तर तो वाटेतच निवतो. शाळेत उमेदवारांसाठी एक बंद खोली असते, तिथे लवकर जाऊन बसायचं, तिथेच हळूहळू आवाज लावायचा आणि थेट परीक्षकांसमोर जायचं. त्यांचा मावसभाऊ स्कूटर घेऊन येणार होता. त्या सकाळी बाई अंगणात तयार उभ्या होत्या, गळ्याभोवती जाड शाल, हातात गरम पाण्याची बाटली, तोंड मिटलेलं. भावोजी नुकते खाली उतरून बॉनेट उघडायच्या बेतात होते. मी माझ्या जागी, डब्यासकट.

मावसभाऊ येईना. बाईंनी फोन केला. पलीकडून काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. थंडीमुळे स्कूटर सुरूच होत नव्हती. किका मारमारून त्याचा पाय दुखायला लागला होता, तरी तो "होईल, होईल" म्हणत होता, आणि त्या होईल-होईलमध्ये बाईंचा खोलीत बसायचा सगळा वेळ वाया गेला होता. टॅक्सीवाल्यांना फोन केले. सकाळची गर्दी, पुलाकडे यायला कुणी तयार नाही. बाई अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रडलं तर गळा बसेल म्हणून ते दाबून धरत होत्या. मला भडभडून आलं. मी खाली उतरलो, पण उतरून करणार काय? मला गाडी येत नाही.

ताई वरून गॅलरीत आली. एका नजरेत तिला सगळं समजलं.

"अहो," ती वरून म्हणाली, "बाईंना सोडा."

"सोडतो की," भावोजी म्हणाले आणि बॉनेटला हात घातला.

"अहो, आत्ता!"

भावोजींचा हात तिथेच थांबला. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट फिरवलं. इतक्या दिवसांची भांडणं होती, तोंड कुठून उघडणार? मग भावोजींनी गाडीकडे बघितलं. खोटं सांगत नाही, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजारी म्हातारीला बिछान्यातून उठवून पळायला लावावं, तसं त्यांना ते वाटत असणार. पण शेवटी त्यांनी बॉनेटवरचा हात काढला.

"बसा बाई," ते म्हणाले. "निघू. तशीच निघू."

गॅलरीत ताईच्या हातातलं धुणं खाली पडलं. बाई पुढे बसल्या, मी पटकन मागे बसलो, न जाणो यांचा विचार बदलायचा. किल्ली फिरली, घुर्रर्र झालं आणि भावोजींनी डोळे गच्च मिटून पहिला गिअर टाकला. गाडी फाटकातून बाहेर! काटा पार तळाशी, हललेलासुद्धा नाही, आणि आम्ही रस्त्यावर! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हटलं, शाब्बास भावोजी, आज तुम्ही माणसासाठी इंजिन सोडलंत.

कोपऱ्यावर वळलो तशी बाईंनी बाटलीतलं घोटभर पाणी घेतलं, पाठ सरळ केली, डोळे मिटले आणि सुरू केलं. म्म्म. खालच्या खाली, अगदी हलकं. पुलापर्यंत, पुलावरून आणि पुलापलीकडच्या रस्त्याभर त्यांना पुरेल असा वेळ होता. बंद गाडी म्हणजे बंद खोलीच की. मी मनात म्हटलं, झालं, जमलं सगळं.

"बाई," भावोजी म्हणाले.

म्म्म.

"बाई, जरा गप्प बसता का? मला इंजिन ऐकू येत नाहीये."

बाईंनी डोळे उघडले.

"थंड इंजिन आहे," भावोजी म्हणाले. "काही चिकटायला लागलं तर आधी आवाज येतो. तो ऐकला तर लगेच थांबवता येईल. नाही ऐकला तर आपण पुलावर अडकून पडू. मग तुमची परीक्षा कुठली?"

"भावोजी, गाऊ द्या ना त्यांना," मी मागून म्हणालो. "त्यांना गळा तापवायला हवा."

"तू गप्प बस! तुला कळतं का काही? उतरवू इथेच?"

मी आणखी भांडणार होतो, पण बाईंनीच हात मागे करून मला थांबवलं. "असू दे," त्या हळू म्हणाल्या. "गाडी पोचली पाहिजे." त्याही घाबरल्या होत्या हो. गाडी बंद पडली तर सगळंच संपलं, हे त्यांनाही दिसत होतं. आणि गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं आपण सगळेच समजून चालतो.

एवढ्यावर थांबले असते तर ते भावोजी कसले! इंजिन अजून नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी बाजूची काच खाली केली. मग म्हणाले, "बाई, तुमचीही करा, दोन्ही बाजूंनी ऐकलं पाहिजे." बाईंनी काच खाली केली. पुलावर नदीवरचा वारा असा आत घुसला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी शाल वर ओढून नाकापर्यंत घेतली आणि दोन्ही हातांनी गळा धरून बसल्या. भावोजी मान वाकडी करून, कान जवळजवळ स्टिअरिंगला लावून गाडी चालवत होते. इंजिन असं गुळगुळीत चाललं होतं की ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

शाळेच्या फाटकात शिरलो, तेव्हा दारात उभा असलेला शिपाई बाईंच्याच नावाचा पुकारा करत होता. वेळेवर! अगदी वेळेवर! बाई उतरल्या, "थँक्यू काका" म्हणाल्या. तो "थँक्यू"च मुळी घोगरा होता. त्या तशाच धावत आत गेल्या.

मी त्यांच्यामागे व्हरांड्यापर्यंत गेलो. दवाखाना खड्ड्यात जाऊ दे म्हटलं. दारापाशी त्यांच्यानंतरची उमेदवार बसली होती, बाईंपेक्षा बरीच लहान मुलगी. पलीकडच्या बंद खोलीतून नुकतीच बाहेर आली असावी. गाल लाल झालेले, आणि तोंड मिटून म्म्म चाललेलं.

आत बाईंनी गाणं सुरू केलं. सुरुवात खालची होती, ती निभावली. आवाज जाड होता, पण निभावली. बाईंनी बसवून आणलेलं गाणं होतं, शब्द न् शब्द पाठ. मग गाणं वर चढायला लागलं आणि मी दाराची चौकट धरली. वरच्या सुरावर आवाज फुटला. बाई थांबल्या. "माफ करा," असं ऐकू आलं. खोकल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा तिथूनच उचललं. पुन्हा तिथेच फुटला. तोच सूर मी रोज सकाळी धुरातून ऐकत होतो! आत जाऊन ओरडावंसं वाटलं, अहो थांबा, जरा वेळ द्या यांना, मग ऐका, शप्पथ सांगतो, मग ऐका! पण कोण मी? आतून परीक्षकांपैकी एक जण फार सौजन्यानं म्हणाली, "ठीक आहे. आभारी आहोत. पुढच्यांना पाठवा."

बाहेर अंगणात भावोजी बॉनेट उघडून उभे होते आणि शिपायाला इंजिन दाखवत होते. इतका आनंदी मी त्यांना कधी बघितला नव्हता. आम्हाला बघताच ते जवळजवळ धावत आले.

"पोचवलं की नाही वेळेवर?" ते म्हणाले. "बाई, काही झालं नाही हो इंजिनाला! जरासुद्धा आवाज नाही! मी उगाच इतकी वर्षं जिवाला घोर लावून घेतला. काही तयारी लागत नाही. किल्ली फिरवायची आणि निघायचं!"

माझ्या तोंडात शिव्या आल्या. वडीलधारा माणूस, अन्नदाता, सगळं खरं, पण त्या क्षणी मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी पुढे झालोच होतो. बाईंनी माझी बाही धरली.

"नका," त्या एवढंच म्हणाल्या. आणि भावोजींकडे वळून, "हो काका. गाडी छान पळाली."

"कशी झाली परीक्षा?"

"झाली."

"मग काय!" भावोजी म्हणाले.

परत येताना काचा बंद होत्या. बाई या वेळी मागे माझ्याशेजारी बसल्या. भावोजी सारखं बोलत होते. आता त्यांना इंजिन ऐकायचं नव्हतं. मला दवाखान्यापाशी सोडलं. उतरताना मी बाईंना म्हणालो, "मी त्यांना सांगणार आहे." त्या हळूच म्हणाल्या, "सांगून काय होईल? आयुष्यात एकदा ते तसेच निघाले, तेही माझ्यासाठी. राहू द्या." म्हणून मी सांगितलं नाही. ताईला सांगितलं. ताई पदर तोंडाला लावून रडली आणि तिनंही सांगितलं नाही.

ती जागा त्या लाल गालांच्या मुलीला मिळाली. आता कुणी रजेवर गेलं की बाईंना बोलावणं येतं, पूर्वीसारखंच.

भावोजी मात्र पार बदलले. दुसऱ्याच दिवसापासून तापवणं बंद. किल्ली फिरवली की निघाले. गाडी आता तोंड आत करून लावतात, सकाळी खुशाल रिव्हर्स घेतात, आणि भेटेल त्याला सांगतात की गाडी तापवणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. त्या मेकॅनिकलाही जाऊन सांगून आले. मी दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचतो. रांगेतले लोक माझ्यावर खूश आहेत. मला त्या रांगेकडे बघवत नाही.

परवा आम्ही निघालो होतो. बाई अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. भावोजींनी मुद्दाम गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"बाई, ती जागा गेली म्हणे? आमची ही म्हणाली. असू दे, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी निघेल की पुन्हा!"

बाईंच्या हातात ओली चादर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तेव्हाही मीच सोडणार," भावोजी म्हणाले. "नुसती हाक मारा. आधी सांगायचीसुद्धा गरज नाही, ऐन वेळी सांगितलं तरी चालेल. एका मिनिटात निघू."

"हो काका," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुम्हालाच सांगेन."

भावोजी खुलले. गाडी फाटकाबाहेर काढली, कोपऱ्यावर वळवली आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई मनानं फार चांगली आहे रे. उगाच भांडलो आम्ही इतकी वर्षं."